कीटकभक्षी वनस्पतींचे गृहसंवर्धन : एक ऐतिहासिक आढावा (महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

वनस्पती मातीवर पोसली जाते आणि प्राणी वनस्पतीवर जगतात, हा निसर्गक्रम सर्वपरिचित आहे. कीटकभक्षी वनस्पती या क्रमाला अपवाद आहेत. या वेगळेपणामुळेच गेल्या अडीच शतकांत त्या प्रथम वादाचा, नंतर संशोधनाचा आणि पुढे घरगुती छंदाचा विषय झाल्या. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा आढावा घेऊन महाराष्ट्रात, विशेषतः बाभुळगावसारख्या काळ्या मातीच्या प्रदेशात, या छंदाचे स्वरूप कसे असावे याचा विचार केला आहे.

वादाकडून प्रयोगाकडे

इंग्रज निसर्गअभ्यासक जॉन एलिस यांनी 1769 मध्ये लिनियस यांना अमेरिकेतील व्हीनस फ्लायट्रॅपचे वर्णन कळविले आणि ही वनस्पती कीटकांवर पोसली जात असावी, असे सुचविले. लिनियस यांना ते मान्य झाले नाही. पानांचे मिटणे हे लाजाळूच्या पानांप्रमाणे केवळ स्पर्शाला दिलेला प्रतिसाद आहे, असे त्यांचे मत होते. हा प्रश्न पुढे शंभर वर्षे अनिर्णित राहिला. चार्ल्स डार्विन यांनी 1860 च्या उन्हाळ्यात दवबिंदू (ड्रॉसेरा) या वनस्पतीचे निरीक्षण सुरू केले. मांस, दूध, अंड्यातील पांढरा बलक असे पदार्थ पानांवर ठेवून त्यांनी प्रयोग केले आणि पाने नत्रयुक्त पदार्थ पचवितात, हे दाखवून दिले. त्यांचा यावरील ग्रंथ 1875 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे पुत्र फ्रान्सिस डार्विन यांनी 1878 मध्ये, अन्न मिळालेल्या रोपांना अधिक बीजधारणा होते, हे सिद्ध केले. नत्राचे दुर्भिक्ष असलेल्या जमिनीत तग धरण्याची ही युक्ती आहे, हा त्याचा मथितार्थ होय.

काचघरातून घराकडे

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये काचेच्या बंद पेटीत रोपे वाढविण्याची वॉर्ड यांची पद्धत रूढ झाली. त्यामुळे उष्ण प्रदेशातील घटपर्णी दूरच्या सागरप्रवासातही जिवंत राहू लागली. व्हाइच यांच्यासारख्या रोपवाटिकांचे संग्राहक बोर्निओपर्यंत पोहोचले. हा छंद मुख्यतः धनिकांचा होता आणि रोपे अरण्यातून उपटूनच आणली जात. त्याची किंमत मूळ अधिवासाला मोजावी लागली. मेघालयात आढळणारी, भारतातील एकमेव घटपर्णी आज वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कठोर निर्बंध आहेत. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्याने 2014 मध्ये फ्लायट्रॅपची चोरी हा गंभीर गुन्हा ठरविला.

दुसरा प्रवाह संवर्धनाचा आहे. कॅलिफोर्नियात 1972 मध्ये हौशी संवर्धकांचे वार्तापत्र निघाले व बियांची देवाणघेवाण वाढली. पुढे ऊतिसंवर्धनामुळे रोपे स्वस्त झाली. अरण्याला हात न लावता छंद जोपासणे त्यामुळे शक्य झाले.

महाराष्ट्रातील कीटकभक्षी वनस्पती

मराठी लोकांना या वनस्पती नव्या नाहीत. साताऱ्याजवळील कास पठारावरील निळी-जांभळी 'सीतेची आसवे' ही युट्रिक्युलेरिया होय. तिचे सूक्ष्म फुगे सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात पाण्यासह भक्ष्य आत ओढतात. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात (1901–1908) या गटाची शास्त्रीय नोंद आहे. एम. के. जनार्थनम आणि ए. एन. हेन्री यांचा भारतातील युट्रिक्युलेरियांवरील ग्रंथ 1992 मध्ये निघाला. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील संशोधकांनी महाराष्ट्रातील एका नव्या जातीला जनार्थनम यांचे नाव दिले. पश्चिम घाटाचा भाग म्हणून कास पठार 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले.

जांभ्या खडकावरील पातळ, निकस मातीच्या थरात, पावसाळ्यापुरत्या ओलाव्यावर यांतील अनेक जातींचे आयुष्य पूर्ण होते. असे रोप उपटून कुंडीत लावल्यास काही दिवसांतच मरते आणि पठारावर पडणारे त्याचे बीही हिरावले जाते.

काळी माती आणि छंद

विदर्भातील काळी माती चुनखडीयुक्त व अल्कधर्मी असून कपाशीला मानवते. दवबिंदू किंवा फ्लायट्रॅपला मात्र हीच माती मारक ठरते. विहिरीच्या जड पाण्यातील क्षार व शेणखत यांनीही त्यांची मुळे जळतात. त्यांना आम्लधर्मी पीट व धुतलेली वाळू, साठविलेले पावसाचे पाणी आणि भरपूर प्रकाश लागतो. फ्लायट्रॅपला हिवाळ्यात काही महिने थंड विश्रांतीही हवी असते. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्याच्या कडक उन्हाळ्यात तिचा निभाव लागणे कठीण असते. उष्ण हवामान सोसणाऱ्या दवबिंदूच्या जाती बियांपासून वाढविणे येथे अधिक सोयीचे ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, या छंदाचा इतिहास हा संग्रहाकडून संवर्धनाकडे झालेला प्रवास आहे. खत-पाणी घालून जमीन सुपीक करणे हा कृषिसंस्कृतीचा सहजधर्म आहे. या वनस्पतींची जोपासना मात्र माती निकस ठेवण्याचे भान मागते. हे भान आल्यावरच सड्यांवरील निकस माती ही पडीक जमीन नसून एका दुर्मिळ जीवसृष्टीचा आधार आहे, हे उमगते. म्हणून कुंडीतील रोप रोपवाटिकेतील बियांपासून वा ऊतिसंवर्धनातून आलेले असावे आणि सीतेची आसवे पठारावरच पाहावीत, हाच या इतिहासाचा बोध होय.