इंटरव्हल : दोन तटांमधली जागा

‘इंटरव्हल’ म्हटले की मराठी माणसाला चित्रपटाचे मध्यंतर आठवते. जॅझ गिटार शिकणाऱ्याला मात्र हा शब्द दोन स्वरांमधले अंतर म्हणून भेटतो. मूळ लॅटिन शब्द ‘इंटरव्हॅलम’. ‘इंटर’ म्हणजे मध्ये, ‘व्हॅलम’ म्हणजे तटबंदी. दोन तटांमधल्या मोकळ्या जागेचा हा शब्द पुढे काळाला आणि स्वरांनाही लागू झाला आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. गिटारवर तर त्याचा जागेचा अर्थच सर्वांत खरा ठरतो, कारण इथे अंतर बोटांनी मोजता येते : एक पडदा म्हणजे अर्धा स्वर, 12 पडदे म्हणजे पूर्ण सप्तक. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी अंगठ्याने एकाच वेळी दोन सप्तकांतला तोच स्वर छेडत. हा वरचा स्वर सहाव्या तारेवरून चौथीवर दोन पडदे पुढे सापडतो, पण चौथीवरून दुसरीवर तीन पडदे पुढे. कारण तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेतले अंतर इतर लगतच्या तारांपेक्षा अर्ध्या स्वराने कमी असते.

जॅझ कानाने शिकायचे, मग मापे कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. बोटांचा नुसता आकार पाठ केला तर तारा बदलताच फसगत होते. कानाने ओळखलेले आणि नावाने पक्के केलेले अंतर मात्र कोणत्याही पट्टीत तेच राहते. आपला षड्ज-पंचम भावही अशाच अंतरावर उभा आहे. मराठीत ‘स्वरांतर’ हा नेमका शब्द आहे, तरी गिटारच्या वर्गात ‘इंटरव्हल’च रुळला आहे. तो खुशाल वापरावा. पण प्रत्येक इंटरव्हल आधी गावा, मग वाजवावा.