नाम आणि नांव

सालेकसा हें गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्याचें ठिकाण. गोंदियाहून डोंगरगडाकडे जाणारी आगगाडी हें स्टेशन सोडते आणि थोड्याच वेळांत महाराष्ट्र संपतो. गेल्या हिवाळ्यांत कामानिमित्त तेथें गेलों असतां एका प्राथमिक शाळेंत घटकाभर बसण्याचा योग आला. गुरुजींनीं फळ्यावर 'गाय गवत खाते' असें वाक्य लिहिलें आणि त्यांतील नामें ओळखावयास सांगितलें. एक मुलगा उठून म्हणाला, "यात नाम नाही." कां नाहीं, असें विचारतां तो म्हणाला, "गुरुजी, गाईचं नाव कुठं लिहिलंय? आमच्या गाईचं नाव लक्ष्मी आहे."

वर्ग हंसला, मीहि हंसलों. परंतु रात्रीं मुक्कामावर विचार करतां ध्यानांत आलें कीं, मुलानें शिकविलेली व्याख्या अक्षरशः पाळली होती. नाम म्हणजे वस्तूचें नांव, असें त्याला सांगितलें होतें; आणि नांव म्हटलें म्हणजे तें कोणीं तरी ठेवावें लागतें. गवताला कोण नांव ठेवतो? (नांवें ठेवावयाचीं तीं आपण माणसांनाच ठेवतों, हा भाग निराळा.) हा घोटाळा त्या मुलाचा नव्हे. तो फार दूरवरून त्याच्यापर्यंत चालत आला आहे.

यास्कानें निरुक्तांत शब्दांचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग केले. नामांत सत्त्वाचें प्राधान्य आणि आख्यातांत भावाचें, असा त्यानें अर्थावरून भेद सांगितला. पाणिनीनें अर्थाची ही वाट सोडली. सुप् ज्याच्या अंतीं तें एक पद, तिङ् ज्याच्या अंतीं तें दुसरें. वस्तु कोणती आणि क्रिया कोणती या वादांत तो शिरलाच नाहीं. ग्रीकांकडे डायोनिसिअस थ्रॅक्स याच्या नांवावर मोडणारें जें लहानसें व्याकरण आहे, त्यांतहि नामाच्या लक्षणांत विभक्ति आधीं येते आणि अर्थ मागाहून. लॅटिन 'नोमेन' या शब्दाचे नांव आणि नाम असे दोन्ही अर्थ होत. त्यापासूनच फ्रेंचमार्गें इंग्रजींतला 'नाऊन' आला. पण इंग्रज मुलाच्या घरांत 'नेम' हा निराळा शब्द नांदत होता, म्हणून 'नाऊन' त्याला शाळेंतला परका पाहुणाच वाटतो आणि दोहोंची गफलत सहसा होत नाहीं. आपल्याकडे 'नांव' हें 'नाम' याचेंच अपत्य. शिवाय देवाचें नाम आणि कपाळावरचें नाम हींहि मुलाच्या ओळखीचीं. अशा गर्दींत व्याकरणांतलें नाम त्यानें निराळें काढावें तरी कसें?

आतां या कथेंतला विलायती भाग. इंग्रजीनें आपले बहुतेक विभक्तिप्रत्यय शतकांपूर्वींच टाकून दिले. रूपावरून नाम ओळखण्याची सोय जवळ जवळ संपली, तेव्हां जें आहे किंवा ज्याची कल्पना करतां येते त्याचें नांव तें नाम, असें अर्थावरून सांगणें तेथील शिक्षकांना प्राप्त झालें. लिंडले मरे याचें १७९५ सालीं निघालेलें शालेय व्याकरण याच पद्धतीचें. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं, ऐन बाविशींत, 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' प्रसिद्ध केलें, त्यांतील शब्दांच्या आठ जातींचा सांगाडा इंग्रजी वळणाचा आणि संज्ञा संस्कृताच्या. या जोडणीबद्दल त्यांना दोष देणें कृतघ्नपणाचें होईल. त्यांच्या आधीं मराठी मुलाच्या हातीं देण्याजोगें होतें तरी काय? फादर स्टीफन्सचें कोंकणीचें व्याकरण १६४० मध्यें रायतूर येथें छापलें गेलें, कॅरीचें मराठीचें १८०५ मध्यें श्रीरामपुरास. दोन्ही परदेशी प्रौढांसाठीं होतीं.

आणि माझ्या मतें खरी मेख येथेंच आहे. कॅरीच्या वाचकाला 'घोडा' कळला तरी 'घोड्याला' कसें होतें हें ठाऊक नव्हतें. म्हणून त्याला रूपें हवीं होतीं. दादोबांच्या वाचकाला 'घोड्याला' आईच्या मांडीवरच मिळालें होतें. त्याला रूपें काय शिकवावयाचीं, म्हणून त्याला व्याख्या देण्यांत आली. पुढें कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं 'शालापत्रकां'तील लेखांत दादोबांच्या मतांची कसून चिकित्सा केली, आणि केशवसुतांचे बंधु मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा प्रचंड ग्रंथ १९११ सालीं निघाला. तरी प्राथमिक शाळेंत व्याख्येचें पाठांतर राहिलें तें राहिलेंच.

वास्तविक मराठीनें रूपाची खूण टाकलेली नाहीं. प्रत्यय लागण्यापूर्वीं आमचें नाम अंग पालटतें. त्याला आपण सामान्यरूप म्हणतों. झाड-झाडाला, घोडा-घोड्याला, गाय-गाईला. संस्कृतांत विशेषणालाहि विभक्ति लागते, त्यामुळें सुबन्त म्हणून एवढ्यानें नाम वेगळें पडत नाहीं. मराठींत 'चांगल्या मुलाला' म्हणतांना प्रत्यय एकट्या मुलाच्या वांट्याला येतो. आणि 'शहाण्याला शब्दाचा मार' म्हटलें कीं शहाणा हा नाम झालाच. कसोटी निर्दोष आहे असें मी म्हणत नाहीं. सर्वनामें तींतून निसटतात, 'कालचा' आणि 'इथला' हेहि त्रास देतात. पण सात वर्षांच्या मुलाला ती तोंडानें करून पाहतां येते.

सालेकशांत तिचें मोल अधिक. हा मुलूख १९५६ पर्यंत मुंबईच्या नव्हे, नागपूरच्या राज्यकारभाराखालीं होता. भंडारा जिल्ह्यांतून गोंदिया निराळा झाला तो १९९९ सालीं. येथील मुलांच्या घरीं गोंडी, पोवारी, छत्तीसगडी, हिंदी. मराठी अनेकांना शाळेंतच भेटते. म्हणजे दादोबांच्या मुलाला जें आईकडून मिळालें होतें, तें याला मिळालेलें नाहीं, आणि व्याख्या मात्र तीच. पण गोंडीहि प्रत्ययापूर्वीं नामाचें अंग पालटते. कचारगडच्या यात्रेला आजीचा हात धरून जाणारें पोर तें कधींच करूं लागलेलें असतें. त्याच्या गोंडींत 'येर' म्हणजे पाणी. आपल्या जुन्या मराठींत 'येर' म्हणजे इतर. एकच ध्वनि तेथें नाम आणि येथें नाहीं, हें त्याला व्याख्या सांगणार नाहीं. तो शब्द वाक्यांत कसा वागतो, हें पाहावें लागेल.

दुसऱ्या दिवशीं गुरुजींच्या परवानगीनें मीं तेंच वाक्य पुन्हां लिहिलें आणि प्रत्येक शब्दाला 'ला' किंवा 'त' लावून पाहा, म्हणून सांगितलें. 'गाईला' निघालें, 'गवतात' निघालें. कालचा मुलगा तर दोन्ही ओरडूनच बोलला. "आतां 'खाते'," मी म्हणालों. क्षणभर कोणी बोललें नाहीं. माझी कसोटी सिद्ध झाली, अशा समाधानांत मी खडू खालीं ठेवणार, तोंच मागल्या रांगेंतून एक मुलगी उठली.

"खात्यात, सर," ती म्हणाली. "आईच्या खात्यात पैसे येतात."

गुरुजी माझ्याकडे पाहूं लागले, आणि मीं पुन्हां खडू उचलला.