खर्जाचा वादक आणि एक पुरातन प्रार्थना

महोत्सवाच्या स्मरणिकेत आपल्या भागाच्या ख्रिस्ती इतिहासाविषयी चार शब्द लिहावेत, अशी आज्ञावजा विनंती संपादकमंडळाने आम्हांस केली. आणि आम्ही तर दिल्लीच्या एका बास गिटार वाजविणाऱ्याचे चरित्र सांगावयास बसलो आहो. वाचकांस नवल वाटेल. परंतु त्यांनी थोडा धीर धरावा. वाट दिल्लीवरून गेली तरी ती येऊन पोहोचते कोलशेतच्या खाडीवरच.

प्रथम आमची एक चूक कबूल करतो. आमच्या गायनमंडळातील एका मुलाने हौसेने बास गिटार मिळविली व एका रविवारी ती देवळाच्या माडीवर ऑर्गनशेजारी आणून ठेवली. ते वाद्य नाचगाण्याच्या मांडवातले, उपासनेत त्याचे काय काम, असे म्हणून आम्ही ते खाली उतरविण्यास सांगितले. मुलगा काही बोलला नाही. आठ-दहा दिवसांनी मात्र तो सॅक्रिस्टीत आला, आपला फोन आमच्यापुढे धरला आणि म्हणाला, “फादर, एवढे एकच गाणे ऐका.” तारांचा संथ झंकार, त्याखाली जमिनीतून उठावा तसा घुमणारा खर्ज, मग पुरुषांचे धीरगंभीर स्वर, आणि त्या स्वरांतून जे शब्द कानी पडले ते ऐकून आम्ही खुर्चीवर सरळ बसलो. ते शब्द आम्ही सेमिनरीत ऐकले होते. केरळहून आलेले आमचे सहाध्यायी आपल्या विधीची मिस्सा करीत, तेव्हा ते म्हणत. भाषा सिरियाक, म्हणजे प्रभु येशू ज्या अरामी भाषेत बोलला तिचीच शाखा.

त्या गीताचे नाव ‘कंदीसा’. ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या वाद्यवृंदाने ते इ. स. २००० मध्ये त्याच नावाच्या सात गीतांच्या संग्रहात प्रसिद्ध केले. वृंदाचा पाया १९९० साली सुश्मित सेन व असीम चक्रवर्ती या दोघांनी घातला. पहिले गिटार वाजवीत, दुसरे तबला वाजवून गात. १९९१ साली त्यांना येऊन मिळाले ते आमचे चरित्रनायक श्री. राहुल राम. बास गिटार त्यांच्या हाती, आणि गाण्यातही त्यांचा मोठा वाटा. १९९४ साली ड्रम वाजविणारे अमित किलम आले आणि चौघांचा मेळ पुरा झाला.

बास गिटार हे वाद्य फार जुने नव्हे. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने १९५१ साली बाजारात आणल्यापासून त्याचा प्रसार झाला. तोपर्यंत हे काम माणसाच्या उंचीचा डबल बास करी. चार तारा, नेहमीच्या गिटारीच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खाली लावलेल्या. तानपुऱ्याची खर्जाची तार जे करते तेच तिचे काम. ती वाजत असता तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. थांबली म्हणजे मात्र सारे गाणे अधांतरी लटकल्यासारखे होते.

राहुल राम यांचे शिक्षण संगीताचे नव्हे. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात रसायनशास्त्र, मग कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये एम. एस्सी., आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणातील विषद्रव्यांच्या शास्त्रात डॉक्टरेट. अशा माणसापुढे प्रतिष्ठेची नोकरी हात जोडून उभी असते. ते परत आले आणि नर्मदेच्या खोऱ्यात गेले. सरदार सरोवर धरणाने ज्यांची घरेदारे बुडावयाची होती, त्यांच्या नर्मदा बचाव आंदोलनात त्यांनी १९९० नंतरची काही वर्षे घालविली. हे खोरे आपल्याला परके नाही. बुडिताखाली येणाऱ्या गावांपैकी ३३ गावे महाराष्ट्राची, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील. अक्कलकुव्याकडील मणिबेली हे त्यांतले नाव तेव्हा वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचले होते. नदीकाठच्या लोकगीताचा आधार घेऊन या वृंदाने ‘मा रेवा’ हे गीत बांधले. रेवा म्हणजे नर्मदा. तेही ‘कंदीसा’ संग्रहातच आहे. त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर २००० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने धरणाची उंची वाढविण्यास मुभा दिली. आंदोलन न्यायालयात हरले. गीत मात्र गायिले जात राहिले.

त्यांची सगळीच मते आम्हांस पटतात असे नव्हे. ‘ऐसी तैसी डेमोक्रसी’ या राजकीय थट्टेच्या कार्यक्रमात ते जे बोलले व गायिले, त्यातले काही आमच्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसास झोंबते. असो.

आता त्या प्रार्थनेकडे वळू. तिच्यात परमेश्वराला तीन वेळा पवित्र म्हटले आहे: देव म्हणून, बलवंत म्हणून, अमर म्हणून; आणि शेवटी दयेची याचना आहे. आमच्या वाचकांनीही ती ऐकली आहे, फक्त ओळखली नसेल. उत्तम शुक्रवारी क्रूसवंदनाच्या वेळी लॅटिन उपासनेत हेच त्रिवार पवित्र स्तोत्र येते, आणि तेथे त्याचे मूळ ग्रीक शब्दही राखले आहेत. पश्चिमेकडे ते ग्रीकातून आले, केरळात सिरियाकमधून.

केरळातच कशाला? सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या आलेक्सांद्रियाच्या प्रवाशाने लिहून ठेविले आहे, की ‘कल्लियाना’ या बंदरात इराणातून नेमलेला बिशप असतो. काही विद्वान हे स्थान अन्यत्र शोधतात. तथापि आपले कल्याण त्या काळी नामांकित बंदर होते, आणि कल्लियाना म्हणजे कल्याणच, या मताकडे आमचा कल आहे. इराणच्या त्या ख्रिस्तसभेची उपासनेची भाषा सिरियाक. पुढे एप्रिल १३२१ मध्ये तोलेन्तिनोचे थॉमस व त्यांचे तीन फ्रान्सिस्कन सोबती ठाण्यात हुतात्मे झाले. त्यांना येथे आसरा दिला तो नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबाने; अशी पंधरा घरे तेव्हा ठाण्यात होती, असे ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने नमूद केले आहे. हुतात्म्यांचे देह जॉर्डन या डोमिनिकन धर्मगुरूंनी सोपाऱ्यास नेऊन पुरले. पोर्तुगीज वसईस येण्यापूर्वी दोनशे वर्षांची ही गोष्ट. त्या पंधरा घरांत प्रार्थना व्हावयाची ती सिरियाकमध्येच.

सिरियाक परंपरेचे लोक पुन्हा मोठ्या संख्येने इकडे आले ते विसाव्या शतकात, केरळहून, नोकरीधंद्यासाठी. १९८८ साली त्यांच्यासाठी सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला, तोही कल्याणलाच.

हे सारे आमच्या पुस्तकांत होते. आम्ही ते परीक्षेपुरते वाचले होते. त्याची सांगड घालून दिली ती आम्ही माडीवरून उतरविलेल्या वाद्याने, हे लिहिताना थोडे खजील व्हावयास होते.

असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, निवर्तले. पुढल्या वर्षी वृंदाने ‘१६/३३० खजूर रोड’ हा संग्रह प्रसिद्ध केला. करोलबागेतील ज्या जुन्या घरात त्यांची तालीम चाले, त्याचाच तो पत्ता. गीते त्यांनी लोकांस विनामूल्य दिली. २०१३ साली सुश्मित सेनही वेगळे झाले. नवे साथी आले, आणि राहुल राम यांनी खर्ज सोडला नाही. २०१५ च्या ‘मसान’ चित्रपटाचे संगीत या नव्या मेळाचेच.

आम्ही त्या मुलाला बोलावून कल्याणच्या बिशपाची व ठाण्याच्या पंधरा घरांची हकीकत सांगितली. बास गिटार माडीवर परत ठेवण्यास सांगितले. आवाज ऑर्गनच्या वर जाता कामा नये, अशी अट मात्र घातली. त्याने ती मान्य केली आणि उलट आम्हांसच विचारले, “फादर, कल्याणाहून नावेने इथे यायला किती वेळ लागत असेल?” तेथे बसलेले एक वृद्ध कोळी बाबा आमच्याआधीच म्हणाले, “ओहोटीवर नाव सोडली तर फार नाही, बाळा.”