बडनेरा ठाऊक नसलेला माणूस

प्रवासाचा मार्ग दाखवणारं संकेतस्थळ लोकांना वापरता येतं का, हे तपासायची रीत साधी आहे. माणसाला संगणकापुढे बसवायचं, एक काम सांगायचं आणि आपण गप्प राहायचं. (मास्तर माणसाला हेच कठीण!) पण बसवायचं कुणाला?

जी.आय.पी. रेल्वेची भुसावळहून येणारी लाइन १८६७ साली नागपूरला पोचली. अकोला वाटेत आलं, अमरावती मात्र सुमारे १० किलोमीटर बाजूला राहिली. एवढी कापसाची पेठ, पण मुख्य लाइनचं स्टेशन झालं बडनेऱ्याला. अमरावतीला पुढे फाटा मिळाला. म्हणून आजही हावड्याकडे जायचं तर आम्ही बडनेरा गाठतो. इथला माणूस चाचणीला बसला की मुकाट 'बडनेरा' टाइप करतो, आणि संकेतस्थळ पास! बाहेरगावचा पाहुणा 'अमरावती' लिहितो आणि थोड्याच गाड्या पाहून हिरमुसतो. त्यात आंध्रातही एक अमरावती आहेच.

रस्त्याचंही तसंच. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, अमरावती-अकोल्याचा ६ होता त्याचा ५३ झाला. नकाशावर ६ शोधत बसणारा एखादा म्हातारा अकोलेकरही बसवा की एकदा संगणकापुढे!