५० वल्ह्यांचं इंजिन

रिमोट कंट्रोलच्या ड्रॅग कार्सचा नाद असलेल्या कुणाशीही पाच मिनिटं बोला, गाडी एकाच आकड्यावर येते : किती वॅट आणि किती वजन. दोन किलोची गाडी आणि एक किलोवॅटची मोटर असेल तर किलोमागे ५०० वॅट झाले. आता आपली जुनी मारुती ८०० घ्या. ३७ हॉर्सपॉवर, वजन साधारण ६५० किलो. किलोमागे ४२ वॅट. खेळण्यापुढे बिचारी अगदीच गरीब :)

हाच हिशोब जरा साडेतीनशे वर्षं मागे नेऊया. जागा ओळखीची आहे. वीकेंडला अलिबागकडे गेलात तर थळच्या किनाऱ्यावरून दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी, लांबचं खांदेरी. १६७९ च्या ऑगस्टमध्ये शिवाजी महाराजांच्या हुकमावरून मायनाक भंडारी यांनी खांदेरीवर तटबंदी बांधायला घेतली. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला म्हटल्यावर इंग्रजांचं धाबं दणाणलं. त्यांनी बेटाभोवती जहाजं उभी केली. त्यात सगळ्यात मोठं होतं 'रिव्हेंज' हे फ्रिगेट. समोर दौलतखानाच्या हाताखालचं मराठी आरमार, म्हणजे मुख्यतः गलबतं.

गलबताचं इंजिन किती ताकदीचं? रॉबर्ट ऑर्मच्या १७६३ साली निघालेल्या इतिहासात आंग्र्यांच्या गलबतांचे आकडे आहेत. काळ नंतरचा, पण जात तीच. मोठ्यात मोठं गलबत साधारण ७० टनांचं, ४० ते ५० वल्ही, वेग ताशी चार मैल. एका वल्ह्यावर एक माणूस धरू. धडधाकट माणूस तासभर सलग काम करताना साधारण १०० वॅट देतो असं धरू. ५० माणसं म्हणजे पाच किलोवॅट, जेमतेम सात हॉर्सपॉवर. एखाद्या स्कूटरएवढे! ७० टनांवर वाटले तर किलोमागे ०.०७ वॅट. मारुतीच्या सहाशेव्या हिश्श्याएवढे.

मग हे चालत कसं होतं? कारण पाण्याचा विरोध वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट करायचा तर ताकद ढोबळमानाने आठपट लागते. याचा उलटा अर्थ असा की हळू जायला फारच कमी ताकद पुरते. ताशी चार मैलांना ५० माणसं पुरतात; आठ मैलांना ४०० लागली असती, आणि ती बसवायची कुठे? शिवाय तुलना कुणाशी आहे तेही बघा. शिडाच्या जहाजाला वारा पडला की शून्य वॅट. कोकण किनाऱ्यावर रात्रीचे मतलई वारे थांबून दिवसाचे खारे वारे सुरू होईपर्यंत मध्ये बऱ्याचदा वारा पडतो. शून्याशी शर्यत असेल तर ०.०७ सुद्धा पुष्कळ झाले.

१८ ऑक्टोबर १६७९ ला पहाटे मराठ्यांची सुमारे ५० गलबतं नाळेवरच्या तोफा डागत इतक्या वेगाने चालून आली की इंग्रजांना नांगर उचलायलाही धड वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासाच्या आत 'डव्ह' ही त्यांची गुराब माणसांसकट मराठ्यांच्या हाती पडली. बाकीच्या छोट्या होड्या लांबच राहिल्या. 'रिव्हेंज' एकटं उरलं.

इथे हलकेपणाची दुसरी बाजू दिसते. 'रिव्हेंज'ने पाच गलबतं बुडवली. हलकं गलबत म्हणजे पातळ लाकूड आणि लहान तोफा, तोफगोळ्यापुढे आडोसा असा नाहीच. मोटर जळली तर दुसरी ऑर्डर करता येते. इथे मोटर म्हणजे पन्नास जिवंत माणसं होती. आपल्याला मायनाक भंडारी, दौलतखान ही नावं माहीत आहेत. त्या पाच गलबतांतल्या वल्हेकऱ्यांची नावं कुठल्याच पुस्तकात सापडत नाहीत.

उरलेली गलबतं नागोठण्याच्या खाडीच्या तोंडाकडे पळाली. 'रिव्हेंज' मागे लागलं खरं, पण हलकं गलबत पाण्यात कमी बुडतं, उथळ खाडीत शिरतं. फ्रिगेटला तिथे मज्जाव! दोनच दिवसांनी तीच गलबतं पुन्हा बाहेर आली. त्या दिवशीची झुंज कुणी जिंकली यावर वाद घालता येईल. पण मराठ्यांना 'रिव्हेंज' बुडवायचं नव्हतंच. त्यांना बेटावर माणसं आणि सामान पोचवायचं होतं, आणि ते पोचत राहिलं. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी वेढा उठवला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात खांदेरी आहे. पुढच्या वेळी तिथे गेलात तर तटबंदीचे फोटो जरूर काढा. पण बेट आणि किनारा यांच्यामधल्या त्या उथळ पाण्याकडेही दोन मिनिटं बघा. बेटावरची माणसं आणि सामान त्याच पाण्यावरून, माणसांच्या दंडाच्या जोरावर आलंय.