रोग्याच्या उशाशी

माझी भाची भूलतज्ज्ञ आहे. गेल्या महिन्यात तिला शेजारच्या जिल्ह्यातल्या एका खासगी रुग्णालयाचे बोलावणे आले. पगार आताच्यापेक्षा चांगला, राहायला घरही देणार होते. "मामू, तुम्ही चला सोबत," ती म्हणाली. मला वाटले, व्यवहाराचे बोलायला घरातले कुणी वडीलधारे हवे असेल. पण तिथे पोचल्यावर ती पगाराचे काही बोललीच नाही. चहासुद्धा नाकारून थेट ऑपरेशन थिएटर पाहायला गेली.

मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. ऑक्सिजन नळीतून येतो की सिलिंडरमधून? वीज गेली तर जनरेटर किती वेळात सुरू होतो? सक्शन चालते का? ते तिने स्वतः चालवून पाहिले. रोग्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारे यंत्र कुठे आहे? रात्री दोन बायका एकदम अडल्या, तर दुसरा भूलतज्ज्ञ कोण? शेवटी तिने विचारले, "रोगी मला आदल्या दिवशी भेटेल ना?" यावर तिथले डॉक्टर हसले. "मॅडम, रोगी तुम्हाला टेबलावरच भेटेल. इथं एवढा वेळ कुणाला आहे?"

परतताना ती गप्प होती. आणि मला माझ्या अम्मीचे ऑपरेशन आठवत होते. मी तेव्हा शाळेत होतो. ऑपरेशन नीट पार पडले तेव्हा अब्बांनी सर्जन साहेबांना पेढ्यांचा पुडा नेऊन दिला. भूल देणारे डॉक्टर कोण होते, हे आमच्या घरात कुणी विचारलेच नाही. अम्मीचा श्वास तासभर ज्याने राखला, त्याला आम्ही चेहऱ्यानेही ओळखत नव्हतो.

त्या रात्री मी जुनी टिपणे काढली. आम्हा मराठवाडेकरांचे हैदराबादशी नाते जुने. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आमचे जिल्हे निजामाच्या राज्यात होते. पण भूल देण्याच्या शास्त्रातला एक जगभर गाजलेला वाद याच हैदराबादेत लढला गेला, आणि त्या वादात एक तरुण मुलगी रोग्याच्या उशाशी बसून होती, हे मलाही फार उशिरा कळले.

वादाचे मूळ क्लोरोफॉर्ममध्ये होते. नोव्हेंबर 1847 मध्ये एडिंबरोच्या सिम्पसन यांनी तो वापरात आणला. तीन महिनेही झाले नव्हते, तोच 28 जानेवारी 1848 रोजी इंग्लंडात न्यूकॅसलजवळच्या विनलेटन गावी हॅना ग्रीनर नावाची मुलगी टेबलावर गेली. वय 15, आणि काढायचे होते फक्त पायाच्या बोटाचे नख. घाबरलेल्या मुलीला क्लोरोफॉर्म हुंगवला आणि काही मिनिटांत सगळे संपले. मग प्रश्न उभा राहिला. माणूस मरतो तो हृदय थांबल्याने की श्वास थांबल्याने? भूल देणाऱ्याने बोट नाडीवर ठेवायचे की डोळे छातीवर? लंडनचे जॉन स्नो म्हणत, वाफ दाट झाली तर हृदयच दगा देते, म्हणून तिचे प्रमाण मोजा. 1853 मध्ये राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारे ते हेच. एडिंबरोचे सर्जन साइम मात्र आपल्या विद्यार्थ्यांना बजावत, श्वासावर लक्ष ठेवा.

साइम यांचा एक शिष्य एडवर्ड लॉरी हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन होऊन आला. तोच तिथल्या मेडिकल स्कूलचा प्रमुख. ही शाळा 1846 ची. आधी तिथे शिक्षण उर्दूत चाले आणि उत्तीर्ण होणाऱ्याला 'हकीम' म्हणत. लॉरीचे मत पोलादी होते. क्लोरोफॉर्म हृदयाला हात लावत नाही, नाडी पाहणे हा वेळेचा अपव्यय, श्वास पाहा! ते सिद्ध करायला 1888 मध्ये त्याने पहिले क्लोरोफॉर्म कमिशन बसवले आणि कुत्र्यांवर प्रयोग केले. लंडनच्या 'लॅन्सेट' नियतकालिकाला ते पटले नाही. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले. तुमचा माणूस पाठवा आणि इथे येऊन तपासा, असा त्याचा अर्थ. 1889 मध्ये लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ आले. पुन्हा शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरीच्या बाजूने लागला : आधी श्वास थांबतो, हृदय नंतर.

या सगळ्याच्या मध्ये रूपाबाई फर्दुनजी होत्या. या पारशी तरुणीने 1885 मध्ये त्या शाळेत प्रवेश घेतला. बरोबर आणखी चार मुली. 1889 मध्ये त्या हकीम झाल्या, आणि भूल देणे हेच त्यांचे काम झाले. रेसिडेन्सीचे रुग्णालय, अफजलगंजचे रुग्णालय, जनाना रुग्णालय. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

आता भाचीच्या प्रश्नांची यादी त्या नोकरीला लावून पाहा. ऑक्सिजनचे सिलिंडर नाही. रक्तदाबाचे यंत्र नाही. हाताशी एक बाटली, नाकातोंडावर धरायची टोपी, आणि स्वतःचे डोळे-कान. वर साहेब असा की नाडीवर बोट ठेवलेले त्याला खपत नाही! तरी एक गोष्ट तिथे होती, जी त्या काळी पुष्कळ ठिकाणी नव्हती. भूल देणाऱ्याने दुसरे काहीही करायचे नाही, नजर श्वासावरून हलवायची नाही, ही शिस्त. इतरत्र हे काम हाताशी असेल त्या शिकाऊ पोराकडे दिले जाई. आणि जनान्यातल्या परदानशीन बायकांच्या उशाशी बाईमाणूस बसणार, हा दिलासा केवढा मोठा असेल, हे आमच्या घरातल्या बायकांना सांगावे लागणार नाही.

लॉरी मात्र पुरता बरोबर नव्हता. 1911 मध्ये लंडनला गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिले की, भूल हलकी असताना ॲड्रिनलिन रक्तात गेले तर हृदय नुसते थरथरते आणि एकाएकी थांबते. हे ॲड्रिनलिन भीतीने शरीरात आपोआप उसळते. म्हणजे घाबरलेला रोगी आणि अर्धवट भूल, हाच घातक मेळ. विनलेटनची ती पोर आठवते ना? निजामाचे हजार पौंड आणि एवढे मुके जीव खर्ची घालून नेमकी हीच गोष्ट निसटली. ज्याला उत्तर आधीच ठाऊक असते, त्याच्या प्रयोगशाळेत असे होत असावे. मला तरी लॉरीचा रागच येतो. पण श्वास पाहण्याचा त्याचा आग्रह खोटा नव्हता. आज भूलतज्ज्ञ दोन्ही पाहतो, प्रत्येक ठोका आणि प्रत्येक श्वास.

रूपाबाई 1909 मध्ये पुढे शिकायला एडिंबरोला गेल्या. आदल्याच वर्षी मुसी नदीच्या पुराने अफजलगंजचे ते रुग्णालय वाहून नेले होते. परत येऊन त्यांनी हैदराबादेतच काम केले.

हे सारे मी भाचीला फोनवर सांगितले. लेव्हीचे नाव तिला माहीत होते, रूपाबाईंचे नव्हते. ती म्हणाली, "मामू, म्हणून तर मी आदल्या दिवसाचं विचारत होते. रोग्याशी दहा मिनिटं बोललं की त्याची अर्धी भीती जाते. हल्लीची औषधं क्लोरोफॉर्मसारखी नाहीत, पण भीती तीच आहे."

तिने त्या रुग्णालयाला पत्र लिहिले. श्वासाचे यंत्र, रात्रीसाठी दुसरा भूलतज्ज्ञ, आणि आदल्या संध्याकाळी रोग्याची भेट. यंत्राला त्यांनी लगेच होकार दिला. दुसऱ्या भूलतज्ज्ञाचे बघू म्हणाले. भेटीबद्दल उत्तरात एक अक्षर नव्हते. तिने तेवढ्यासाठी पुन्हा पत्र पाठवले आहे, आणि तोवर जुन्या नोकरीचा राजीनामा लिहिलेला नाही.