आईमठ, लेकमठ आणि बंद दार

कॅथलिक म्हटलं की रोममधला पोप आणि जगभर चालणारा त्याचा हुकूम, एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. त्यांच्या संन्याशांच्या पंथांचा कारभार मात्र बराच वेगळा, आणि माझ्यातल्या इंजिनिअरला भलताच आवडलेला!

१०९८ साली फ्रान्समध्ये सितो इथे सिस्टर्शियन पंथ सुरू झाला. त्याआधीच्या क्लूनी पंथात बहुतेक शाखा एकाच मठाधिपतीच्या हाताखाली असत. सिस्टर्शियनांनी ते टाळलं. प्रत्येक मठाला स्वतःचा मठाधिपती. नवा मठ निघाला की तो जुन्याची लेक. आईने वर्षातून एकदा तपासणीला यायचं, पण लेकीकडून पैसा घ्यायचा नाही. दरवर्षी सगळ्या मठाधिपतींची सभा सितोला. आणि खुद्द सितोची तपासणी कोणी करायची? तर तिच्या पहिल्या चार लेकींनी! तपासणीतून कोणीच सुटलेलं नाही.

मग ही रचना अडली कुठे? मी राहतो त्या आयर्लंडमध्ये.

इथला पहिला सिस्टर्शियन मठ मेलिफाँट, ११४२ सालचा, फ्रान्समधल्या क्लेर्व्होची लेक. सोबत आलेल्या फ्रेंच संन्याशांचं आयरिश मंडळींशी पटेना, ते लवकरच परतले. पुढे मेलिफाँटला स्वतःच्या बऱ्याच लेकी झाल्या. त्यात इंग्लंडहून आलेले नॉर्मन सरदार देशात शिरले, नि तपासणीला येणारा परका वाटू लागला. १२१६ साली तपासनिसांना मेलिफाँटने दारच उघडलं नाही.

१२२८ साली सभेने स्टीफन ऑफ लेक्सिंग्टन या इंग्रज मठाधिपतीला पाठवलं. शिस्त ढासळली होती, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण उपाय काय? मेलिफाँटच्या लेकी तोडून परदेशी मठांना जोडल्या. वर नियम केला, की फ्रेंच किंवा लॅटिनमध्ये पापाची कबुली देता येत नसेल, त्याला मठात घेऊ नये!

१२७४ साली सभेने मेलिफाँटच्या लेकी तिला परत दिल्या. म्हणजे जवळजवळ अर्धं शतक गेलं.

मला वाटतं, मूळ रचना चांगलीच होती. तपासणारा आणि तपासला जाणारा यांनी एकमेकांना आपलं मानावं, हे मात्र तिने गृहीत धरलं होतं. मीही रोज परक्या भाषेत संशोधन करतो, त्यात सोय आहे, तक्रार नाही. पण आपली भाषा न येणारा तो बेशिस्त, असं ठरवलं की तपासणी संपते आणि राज्य करणं सुरू होतं. अशा वेळी कोणीतरी दार लावून घेणारच, नाही का?